मागच्या दाराच्या तीन पायऱ्या

आमच्या मागच्या दाराला तीन पायऱ्या आहेत. चिऱ्याच्या, मधोमध झिजलेल्या. खाली उतरलं की विहीर, मग पोफळी, केळी आणि एक जुनं निरफणसाचं झाड. इब्रामपुरात पुढचं दार पाहुण्यांसाठी, घर चालतं ते मागच्या दारानं. वयनी, म्हणजे माझी मोठी जाऊ, लग्न होऊन आली तेव्हापासून त्या पायऱ्या रोज वीस वेळा तरी उतरली-चढली असेल. काही वर्षांपूर्वी शेवटच्या पायरीवर तिचा पाय घसरला. हाड मोडलं नाही, मुका मार होता, तो पंधरा दिवसांत बरा झाला. पण वयनी त्यानंतर खाली उतरलीच नाही.

आधी मी समजूत घातली, मग रागावले. मी गावातल्या मराठी शाळेत जन्मभर शिकवलं. समजूत घालण्यापेक्षा रागावणं मला जास्त चांगलं जमतं. वयनीवर दोन्हींचा उपयोग झाला नाही. ती दारात कदेल, म्हणजे खुर्ची, ओढून बसायची आणि विहिरीकडे बघत राहायची. धालोच्या दिवसांत मांडावर, म्हणजे नाचाच्या ठरलेल्या जागी, बायकांच्या दोन रांगा समोरासमोर उभ्या राहतात आणि गाण्यावर पुढेमागे पावलं टाकतात. त्या रांगेत पहिली उभी राहणारी बाई होती ती. हिचं पाऊल चुकलं तर अख्खी रांग चुकेल, असा तिचा मान. तीच बाई आता भिंत धरून न्हाणीत जायची. मला ते बघवत नसे. राग यायचा, आणि रागाच्या खाली भीती होती, कारण वयनी माझ्यापेक्षा सहाच वर्षांनी मोठी.

अशात ती पोरगी गावात आली.

पोरगी सुर्ल्याची. वडील दोडामार्गाकडून खनिजाच्या ट्रकवर ड्रायव्हर म्हणून आले आणि तिथलेच झाले. ही शिकत शिकत पीएचडीपर्यंत पोचली होती आणि संशोधनासाठी तिला फेलोशिप मिळाली होती. पंचायतीच्या खोलीत तिनं आम्हा म्हाताऱ्यांना बसवून विषय समजावला. वय झालं की नवी हालचाल शिकायला वेळ लागतो, पाऊल अडखळतं. मेंदूच्या ज्या भागाच्या हुकमानं पाय हलतात, त्या भागावर डोक्याच्या बाहेरूनच अगदी हलका विजेचा प्रवाह सोडला, तर शिकणं सोपं होतं का, एवढंच तिला बघायचं होतं. मी मागच्या बाकावर बसून ऐकत होते. एकही शब्द कुणाच्या डोक्यावरून गेला नाही. इतकं अवघड इतकं सोपं करून सांगणारी शिक्षिका मी माझ्या नोकरीत पाहिली नव्हती, आणि त्यात मी स्वतःलाही धरते.

तिला आमच्या गावातून नऊ माणसं हवी होती. मी नाव दिलं आणि वयनीचंही दिलं, तिला न विचारता. घरी येऊन सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "डोक्याक करंट लावून घेवक मी काय बल्ब हंय?" पण दुसऱ्या दिवशी लुगडं बदलून पुढच्या दारात उभी होती. तिलाही उतरायचं होतं, हे मला तेव्हा कळलं.

पोरगीनं आम्हाला एक गोष्ट पुन्हापुन्हा सांगितली, की हा उपचार नाही. आणि दुसरी अशी, की नऊपैकी काहींना प्रवाह खरा मिळेल, काहींना खोटा. खोट्यात अर्धं मिनिट टोचल्यासारखं होईल आणि मग यंत्राचा डबा आपोआप गप्प बसेल. कोणाला कुठला, हे तिलाही ठाऊक नव्हतं. ती यादी तिच्या मार्गदर्शक मॅडमांकडे, बंद पाकिटात. काम पुरं झालं की आम्हा प्रत्येकाला ती स्वतः येऊन सांगणार होती. आम्ही माना हलवल्या, सह्या केल्या, आणि घरी पोचेपर्यंत प्रत्येकाची खात्री झाली होती की आपल्याला मिळणार तो खराच.

पटसंख्येअभावी बंद पडलेल्या आमच्या शाळेची एक खोली पंचायतीनं तिला दिली. तो माझा चौथीचा वर्ग. भिंतीवरचा फळा तसाच होता, त्याच्या खाली तिनं चार रंगांच्या चौकोनांची चटई अंथरली. चटईभोवती लोखंडी कठडा होता, म्हाताऱ्या माणसांना धरायला. तो तिच्या वडिलांनी स्वतः वेल्डिंग करून दिलेला. रोज सकाळी आम्ही यायच्या आधी ती त्या कठड्याला सगळं वजन टाकून लोंबकळून बघायची. मी एकदा लवकर गेले तेव्हा ते पाहिलं. चारी बाजूंनी चार वेळा लोंबकळली, मग हात झटकले आणि वहीत बरोबरची खूण केली. एवढं एक बघून ती पोरगी माझ्या मनात बसली.

समोरच्या पडद्यावर रंग उमटायचा, त्या रंगाच्या चौकोनावर शक्य तितक्या लवकर पाऊल टाकायचं. त्याआधी आणि ते चालू असताना वीस मिनिटं डोक्याला पट्टा. मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज, त्यांना वायरी, वायरींच्या टोकाला हातात मावेल एवढा डबा. केसांना तेल असलं तर प्रवाह नीट जात नाही, म्हणून ती म्हणे, येताना तेल लावू नका. वयनीनं सत्तर वर्षांत डोक्याला तेल लावल्याशिवाय उंबरठा ओलांडला नव्हता. पहिल्या दिवशी तिनं "थोडासाच" लावलं. खोलीच्या मागे बालदीत पाणी गरम करून पोरगीनं वयनीचे केस स्वतः धुतले, पंच्यानं पुसले आणि मग स्पंज लावले. वयनीनं त्या दिवशी डब्याला हात जोडले. नंतर रोजच जोडायची.

खोलीत एका वेळी एकच माणूस. बाहेर आल्यावर एकमेकांत बोलायचं नाही, घरी सराव करायचा नाही. हे त्या कागदावर लिहिलेलं होतं, त्याखाली माझी सही आहे. पण परीक्षेच्या दिवशी मुलांना आपण "आजूबाजूला बघू नका" म्हणतो, तसंच हे, असं मी मनाशी धरलं होतं. ते स्वतःसाठी असतं असं शिक्षकांना कधी वाटत नाही.

तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की रंग वाटेल तसे येत नाहीत. मधे मधे तीच आठ पावलं फिरून फिरून येतात. पिवळा, हिरवा, निळा, हिरवा, तांबडा, पिवळा, हिरवा, निळा. मला गंमत वाटली. घरी आले तर वयनी कदेलीवर तोंड पाडून बसलेली. "माका जमाचा नाय गो," ती म्हणाली. "रंग येता नि जाता, माजो पाय थंयच. उद्यापसून येवचंय नाय." वयनी अशी सहजासहजी हार मानणारी बाई नव्हे. पायऱ्यांपुढे मानली तेवढीच. आता ही दुसरी.

माझ्यातली मास्तरीण जागी झाली. चौथीच्या वर्गात मी कुणाला मागे राहू दिलं नव्हतं. अंगणात खडूनं चार चौकोन काढले. वयनीला रंगांची नावं लक्षात राहीनात, म्हणून पिवळ्याची हळद केली, हिरव्याचं पान, निळ्याची नीळ आणि तांबड्याचं कुंकू. "हळद, पान, नीळ, पान, कुंकू, हळद, पान, नीळ." दोन दिवस नुसतं म्हणून घेतलं, मग पावलं. वयनीनं ते लगेच धालोच्या चालीत घातलं. चालीत घातल्यावर तिचं पाऊल चुकेना.

शेजारणी बघायला आल्या. त्यातल्या चारजणी त्या नऊतल्याच. त्यांनाही शिकायचं होतं. मग उरलेले तीन पुरुषही आले, ते आधी कुंपणापाशी उभे राहून हसले आणि दुसऱ्या दिवशी चपला काढून रांगेत. आम्ही सगळे पोरगीला पास करत होतो. आमची अशी पक्की समजूत झाली होती, की आम्हाला चांगलं जमलं तर तिला डिग्री मिळणार. आईबापांनी ट्रकच्या धुळीत वाढवलेली पोर, रोज एवढ्या लांबून स्कूटरवर येते, तिला आमच्यामुळे कमी पडू नये. सगळ्या गावाचा जीव तिच्यात अडकला होता. दुपारी चारला पाववाल्या पोदेराचा पोंप, म्हणजे भोंगा, वाजला की उंडे पाव घ्यायचे, चहा घ्यायचा आणि रांगा धरायच्या.

एके दिवशी पुढच्या अंगणात कोकमाची सालं वाळत घातली होती. म्हणून मी चौकोन मागे, विहिरीजवळच्या सारवलेल्या जागेत काढले. वयनी दारात कदेलीवर बसून वरून बघत होती. एका शेजारणीचं पाऊल निळीवर पडायचं ते कुंकवावर पडत होतं, पुन्हापुन्हा. वयनीनं दोनदा वरूनच तिला सुनावलं. तिसऱ्यांदा ती उठली. "सर गो, तुज्यान जमाचा नाय," म्हणत आणि तोंडानं "हळद, पान, नीळ" पुटपुटत तीन पायऱ्या उतरून खाली आली. शेजारणीला बाजूला केलं आणि आठही पावलं टाकून दाखवली. मग तिच्या लक्षात आलं की आपण कुठे आहोत. ती विहिरीच्या कठड्यावर बसली आणि रडली. मीही रडले. आम्ही दोघी एकमेकींकडे न बघता रडत होतो.

"डब्यान उतरवलां माका," ती म्हणाली.

त्यानंतर ती रोज उतरायची. प्रत्येक पायरीला एकेक शब्द, हळद, पान, नीळ, आणि खाली पोचली की विहिरीकडे.

शेवटच्या आठवड्यात पोरगी आमच्या घरी आली. एरवी ती घाईत असायची. त्या दिवशी बसली, चहा घेतला आणि लॅपटॉप उघडून मला रेषा दाखवल्या. नऊच्या नऊ रेषा वर चढत गेलेल्या. "बाई, इतकी सुधारणा होईल असं मॅडमनासुद्धा वाटलं नव्हतं," ती म्हणाली. तिचं तोंड आनंदानं फुललं होतं. मी त्या रेषांकडे बघत राहिले. इतकी वर्षं पेपर तपासल्यावर एक गोष्ट कळते. सगळ्या वर्गाची सगळी उत्तरं बरोबर आली, तर वर्ग हुशार नसतो.

गप्प राहता आलं असतं. पोरगी खूश होती, वयनी उतरत होती, गावाला पुण्य केल्यासारखं वाटत होतं. दोन घोट चहा पिईपर्यंत मी गप्पच राहिले, हेही लिहायला हवं. मग सगळं सांगितलं. हळद, पान, नीळ, अंगण, रांगा, सगळं.

ती रागावेल याची मी वाट बघत होते. माझ्या वर्गात कुणी हे केलं असतं तर मी शाळा डोक्यावर घेतली असती. तिनं लॅपटॉप मिटला, वही काढली आणि विचारायला लागली. कुठल्या दिवसापासून? रोज किती वेळ? कोण कोण? आठ पावलं कुणी ओळखली? मी उत्तरं देत गेले, ती लिहीत गेली. शेवटी तिनं आमच्या नऊजणांच्या क्रमांकांभोवती एक रेघ ओढली आणि बाजूला एकच शब्द लिहिला, "वगळले".

"नऊच्या नऊ?" मी विचारलं.

"हो बाई. प्रवाहामुळे झालं की सरावामुळे, ते आता मला सांगता येणार नाही."

"सराव केला नाही असं लिहिलंस तर कोणाला कळणार आहे?" हे मी विचारलं. मी, जिनं पोरांना कॉपी केली म्हणून उन्हात उभं केलं. पोरगी माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, "मला कळेल ना." मग तिनं कपबश्या उचलून मागे नेल्या आणि धुतल्या. दोन कप धुवायला तिला फार वेळ लागला. मी तिच्यामागे गेले नाही.

तिला नवी नऊ माणसं शोधावी लागली. ती तिनं सुर्ल्यात शोधली, आणि फेलोशिपची मुदत संपल्यावरही काम चालू ठेवलं. तिथं पहिल्या दिवशी तिनं मला बोलावलं. मला वाटलं, मदतीला. तिनं मला सुर्ल्याच्या म्हाताऱ्यांसमोर उभं केलं आणि सांगितलं, "ह्या बाई काय झालं ते सांगतील." मी जन्मात पहिल्यांदा वाईट उदाहरण म्हणून वर्गासमोर उभी राहिले. सांगितलं सगळं. ट्रक चालवून थकलेले ते लोक पोट धरून हसले, पण त्यांच्यातल्या एकानंही घरी सराव केला नाही. परत येताना स्कूटरवर मागे बसून मी तिला म्हटलं, "माझी चांगली जिरवलीस." ती म्हणाली, "बाई, तुमच्याइतकं नीट कुणीच समजावलं नसतं." ती खोटं बोलत नाही हे मला ठाऊक होतं, म्हणून ते मी अजून जपून ठेवलं आहे.

वर्षभरानं ती पुन्हा आमच्या फाटकाशी आली. मॅडमांकडचं पाकीट उघडलं होतं. खऱ्या आणि खोट्या प्रवाहात जेवढा फरक पडेल अशी तिला आशा होती, तेवढा पडला नव्हता. थोडासाच दिसत होता, आणि तो तेवढाच आहे असं तिनं प्रबंधात लिहिलं होतं. आता दिलेल्या शब्दाप्रमाणे ती प्रत्येकाला सांगायला आली होती. वगळलेल्यांनासुद्धा.

"तुम्हाला खरा होता, बाई," ती म्हणाली. म्हणजे सगळा प्रवाह माझ्या डोक्यात गेला, जिला काडीची गरज नव्हती.

"आणि वयनीला?"

"खोटा."

मी फाटक धरून उभी राहिले. तिला म्हटलं, सांगू नकोस. ती अजून त्या डब्याचं नाव काढून हात जोडते. त्या भरवशावर पायऱ्या उतरते. कळलं तर पुन्हा कदेलीवर बसेल, आणि या वेळी उठायची नाही. कुणाचं काय बिघडणार आहे? तुझ्या प्रबंधात तर ती नाहीसुद्धा.

पोरगीलाही भीती वाटत होती, ते दिसत होतं. मग म्हणाली, "बाई, त्यांनी डोकं माझ्या हातात दिलं ते मी खरं सांगेन म्हणून. मला जमणार नाही." आणि आत गेली. मला तिचा इतका राग आला, आणि त्याच क्षणी मला ती माझी मुलगी असती तर बरं झालं असतं असं वाटलं.

वयनी मागच्या दारात कदेलीवर बसून निरफणस चिरत होती. पोरगी तिच्यासमोर खाली जमिनीवर बसली. तिच्याशी ती नेहमी घरच्या बोलीतच बोलायची.

"काकी, तुमच्या डब्यात सुरवातीक अर्धा मिनिट करंट होतो. मगे कायच नाय."

वयनीचा हात थांबला. "कायच नाय?"

"नाय."

"रोज?"

"रोज."

वयनीनं सुरी ताटात ठेवली. मग स्वतःशीच म्हणाली, "येवडे दिस मी त्या रिकाम्या डब्याक हात जोडी होतंय." लुगड्याच्या पदराला हात पुसले, कदेलीचा हात धरून उभी राहिली आणि पायऱ्यांच्या तोंडाशी गेली. मी पुढे धावले. पोरगीनं बसल्या जागेवरून माझं मनगट पकडलं. मी ओढून बघितलं, पण तिनं ते सोडलं नाही.

वयनीनं एक पाय खाली टाकला. मी मनात "हळद" म्हटलं. ती काही म्हणाली नाही. दुसरी पायरी. ओठ मिटलेले. तिसरी पायरी, ती जिच्यावरून घसरली होती. ती उतरली, विहिरीपर्यंत चालत गेली आणि वळून आमच्याकडे बघितलं.

"आता लिव तुज्या वहीत," ती खालून म्हणाली.

"लिवूक येवचा नाय, काकी," पोरगी म्हणाली. तिचे डोळे वाहत होते आणि ते पुसायला तिनं माझं मनगट सोडलं. "पण मी बगलंय."